चार बाजू, सत्तावीस गाणी

१९७२ साली अमेरिकेतल्या इलेक्ट्रा या रेकॉर्ड कंपनीने दोन एलपींचा एक संच बाजारात आणला. त्यावर २७ बँडांची २७ गाणी होती आणि त्यांतलं एकही नवं नव्हतं. चार ते आठ वर्षांपूर्वी त्यांतली बहुतेक ४५ आरपीएमच्या छोट्या तबकड्यांवर, म्हणजे सिंगल्सवर, निघाली होती. काही रेडिओवर महिना-दोन महिने गाजली, काही आपल्या शहराची वेस ओलांडू शकली नाहीत, आणि १९७२ येईपर्यंत बहुतेकांची नावंही लोकांच्या तोंडी उरली नव्हती. या संचाचं नाव ‘नगेट्स’. निवड आणि आतलं टिपण लेनी के या पंचविशीतल्या लेखक-गिटारवादकाचं.

२६ वर्षांनी, १९९८ साली, राइनो या कंपनीने तोच संच वाढवून चार सीडींच्या पेटीत पुन्हा काढला. आता गाणी होती ११८. मधल्या काळात न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये पंक रॉक जन्माला येऊन जगभर पसरलं होतं आणि त्या संगीताची मुळं शोधणारा प्रत्येकजण या सत्तावीस गाण्यांपाशी येऊन थांबत होता.

जुनी गाणी एकत्र करून विकणं हा रेकॉर्ड धंद्यातला सर्वांत सोपा प्रकार समजला जातो. ‘नगेट्स’चा इतिहास मात्र सांगतो की चांगलं संकलन हे एक विधान असतं. गाणी इतरांची असतात, पण कुठली घ्यायची, कुठली सोडायची आणि कुणाच्या शेजारी कुणाला बसवायचं यातून संपादक स्वतःचं काही म्हणत असतो. ते म्हणणं पटलं तर पुढच्या पिढीचं संगीत बदलतं. आणि अशा संकलनाची विस्तारित आवृत्ती काढताना हे मूळ विधान सांभाळायचं की त्याच्यावर भर टाकत त्याला बुजवून टाकायचं, हा खरा प्रश्न असतो.

गॅरेजमधून आलेला आवाज

९ फेब्रुवारी १९६४ च्या रात्री बीटल्स अमेरिकेत एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात पहिल्यांदा दिसले. सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी तो कार्यक्रम पाहिला. त्यानंतरच्या काही महिन्यांत देशभरातल्या शाळकरी मुलांनी गिटार विकत घेतल्या, शेजारपाजारची तीन-चार पोरं जमवली आणि घरच्या गाडीच्या गॅरेजमध्ये तालमी सुरू केल्या. पुढे या संगीताला ‘गॅरेज रॉक’ हे नाव मिळालं ते याच जागेवरून.

त्यांच्यापाशी साधनं थोडी होती, पण ती नेमकी होती. इटलीत बनणारा, गाडीत घालून नेता येईल असा फारफिसा ऑर्गन. स्वस्तातल्या गिटार. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे फझ. साठच्या दशकाच्या सुरुवातीला नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सिंग यंत्रातला एक भाग बिघडला आणि वाद्याचा आवाज फाटून, घरघरत बाहेर आला. तो दोष तसाच ठेवला गेला आणि लोकांना आवडला. लगेचच १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने तोच परिणाम साधणारी पायाने दाबायची छोटी पेटी काढली. गिटारमधून येणारा विद्युत संकेत ही पेटी इतका वाढवते की त्याच्या लाटांचे माथे कापले जातात आणि गोलाईदार सुराला करवतीसारखी धार येते. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये ही धार सगळ्या जगाने ऐकली आणि मग गावोगावच्या पोरांना ती हवीशी झाली. बोटं अजून तयार नसली तरी चालत होतं. एक सूर छेडला तरी तो दमदार वाटत होता.

या संगीताची बाजारपेठही गावापुरती होती. स्थानिक स्टुडिओ, स्थानिक छोटी कंपनी आणि नवी तबकडी वाजवायला तयार असलेला स्थानिक रेडिओ निवेदक, एवढ्या जुळणीवर एखादं गाणं एका शहरात पहिल्या क्रमांकावर जाई आणि शेजारच्या राज्यात ते कुणाला ठाऊकही नसे. क्वचित एखाद्या गाण्याला मोठी कंपनी उचलून घेई आणि ते देशभर पोहोचे. सॅन होजेच्या काउंट फाइव्ह या बँडचं ‘सायकॉटिक रिअॅक्शन’ १९६६ मध्ये राष्ट्रीय यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. ही मुलं ड्रॅक्युलासारखे लांब झगे घालून मंचावर येत. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्समध्ये टॉमी हॉल मातीच्या बरणीला मायक्रोफोन लावून तिच्यातून चित्रविचित्र घुमारे काढायचा आणि रॉकी एरिक्सन त्यावर किंचाळत गायचा. त्यांचं ‘यू आर गॉना मिस मी’ ५५ व्या क्रमांकापलीकडे गेलं नाही. आज ते त्या दशकातल्या महत्त्वाच्या गाण्यांत धरलं जातं.

मग ही गाणी विसरली का गेली? १९६७ नंतर रॉक संगीताचं मोजमाप बदललं. तीन मिनिटांच्या सिंगलऐवजी पूर्ण एलपी हा कलाकृतीचा मापदंड झाला, लांबलचक वादनाला प्रतिष्ठा आली, एफएम रेडिओने ती उचलून धरली. दोन कॉर्ड्सवर उभी असलेली आरडाओरड पोरखेळ वाटू लागली. शिवाय व्हिएतनाम युद्धाची सक्तीची भरती, कॉलेज, नोकरी यांत बँडही मोडत गेले.

दुकानातल्या माणसाची निवड

इलेक्ट्राचा संस्थापक जॅक होल्झमन याच्या मनात एक कल्पना होती. एखाद-दुसरंच चांगलं गाणं असलेले कितीतरी एलपी कपाटात पडून असतात. त्यांतली ती गाणी उचलून एक संच का करू नये? इलेक्ट्रा लोकसंगीतापासून सुरुवात करून डोअर्स, एमसी५ आणि स्टूजेस या बँडांपर्यंत पोहोचलेली कंपनी होती, तेव्हा हा प्रयोग तिच्या स्वभावात बसणारा होता. होल्झमनने हे काम लेनी केला दिलं.

केची पार्श्वभूमी या कामासाठी जणू घडवलेली होती. तो न्यूयॉर्कच्या ब्लीकर स्ट्रीटवरच्या ‘व्हिलेज ओल्डीज’ या जुन्या रेकॉर्डच्या दुकानात काम करायचा, त्यामुळे विसरलेल्या तबकड्या रोज हाताखालून जात. तो संगीतावर मासिकांतून लिहायचा. आणि १९६६ मध्ये लिंक क्रॉमवेल या टोपणनावाने त्याने स्वतः अशीच एक सिंगल गायली होती. ज्या जगाबद्दल तो सांगणार होता त्याचा तो रहिवासी होता. होल्झमनच्या कल्पनेतून एक ‘राहून गेलेली चांगली गाणी’ छापाचा सुबक संच सहज निघाला असता. केने यादी करता करता तिला एक दिशा दिली: तारुण्याचा उतावळेपणा, कौशल्याच्या पुढे धावणारी हौस आणि आवाजाशी चाललेले धीट खेळ. आतल्या टिपणात त्याने या बँडांच्या शैलीसाठी ‘पंक-रॉक’ हा शब्द वापरला. त्याच्या आधीच्या वर्षी ‘क्रीम’ मासिकात डेव्ह मार्शने हा शब्द वापरला होता आणि त्याच मासिकात लेस्टर बँग्जने काउंट फाइव्हवर गौरवाचा लेख लिहिला होता. म्हणजे विचार काही समीक्षकांत फिरत होता. केने तो चार बाजूंवर ऐकवून दाखवला.

संच सुरू होतो तो इलेक्ट्रिक प्रून्सच्या ‘आय हॅड टू मच टू ड्रीम’ने. पहिलाच आवाज म्हणजे उलट फिरवलेल्या टेपवरची थरथरती गिटार. पुढे सीड्सचं ‘पुशिंग टू हार्ड’ येतं, जे जवळपास पूर्ण गाणंभर दोनच कॉर्ड्सवर फिरत राहतं आणि तरीही सैल पडत नाही. बार्बेरियन्सचं ‘मोल्टी’ हे त्यांच्या ढोलवादकाचं आत्मकथन आहे. लहानपणी घरगुती स्फोटकाशी खेळताना व्हिक्टर मोल्टनचा डावा हात गेला. त्या जागी बसवलेल्या आकड्यात काठी धरून तो ड्रम वाजवायचा. या गाण्यात तो आपली गोष्ट सांगतो आणि मनाने खचलेल्यांना धीर देतो. त्याच्यामागे वाजवणारी मंडळी होती पुढे ‘द बँड’ म्हणून नावाजलेले वादक.

या यादीत शुद्धतेचा हट्ट नाही, हे तिचं मोठं बळ आहे. स्ट्रेंजलव्ह्ज हे स्वतःला ऑस्ट्रेलियातले मेंढपाळ भाऊ म्हणवत. प्रत्यक्षात ते न्यूयॉर्कचे तीन निर्माते होते. सॅजिटेरियस हा स्टुडिओत जमवलेला प्रकल्प होता आणि त्यांच्या गाण्याला आवाज होता ग्लेन कॅम्पबेलचा. ‘डर्टी वॉटर’ हे बॉस्टनच्या चार्ल्स नदीवरचं गाणं गाणारे स्टँडेल्स लॉस एंजेलिसचे. आज ते गाणं बॉस्टनच्या रेड सॉक्स या बेसबॉल संघाच्या घरच्या विजयानंतर मैदानात वाजतं. संचाच्या सुरुवातीचं इलेक्ट्रिक प्रून्सचं गाणं अॅनेट टकर आणि नॅन्सी मँट्झ या दोन व्यावसायिक गीतकार स्त्रियांनी लिहिलेलं. मेक्सिकन वंशाच्या मुलांचा प्रीमियर्स हा बँड ‘फार्मर जॉन’ घेऊन येतो. हे गाणं १९६४ चं, म्हणजे संचाच्या नावात दिलेल्या ‘१९६५ ते १९६८’ या मर्यादेच्याही बाहेरचं. केने कुळ पाहिलं नाही, आवाजातली ऊर्जा पाहिली. म्हणूनच व्यावसायिक आणि हौशी एकाच बाजूवर शेजारी बसून एकाच घरातले वाटतात.

ऐकणारे वाजवायला लागले

संच फार खपला नाही. ठरवलेला दुसरा भागही निघाला नाही. पण तो ज्यांच्या हाती पडला त्यांनी तो वाया घालवला नाही. त्यांतला एक खुद्द केच होता. १० फेब्रुवारी १९७१ ला न्यूयॉर्कच्या सेंट मार्क्स चर्चमध्ये पॅटी स्मिथच्या कवितावाचनाला त्याने गिटारची साथ केली होती. त्या जोडीतून पुढे पॅटी स्मिथ ग्रुप उभा राहिला. १९७४ मध्ये स्मिथची पहिली सिंगल निघाली. तिच्यावर होतं ‘हे जो’, जे लीव्ह्ज या बँडच्या आवाजात ‘नगेट्स’वर आहे. १९७५ मध्ये तिचा ‘हॉर्सेस’ हा एलपी आला आणि न्यूयॉर्कच्या बावरी भागातला सीबीजीबी हा बार नव्या संगीताचं ठाणं झाला.

१९७६ मध्ये सायर कंपनीने ‘नगेट्स’ पुन्हा बाजारात आणला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सायरनेच रामोन्सचा पहिला एलपी काढला होता. एकाच कंपनीच्या यादीत पूर्वज आणि वंशज एकाच वर्षी शेजारी आले. सायरच्या दोन संस्थापकांपैकी रिचर्ड गॉटेरर हा त्या तिघा खोट्या मेंढपाळांपैकी एक होता, आणि ब्लाँडी या बँडचा पहिला एलपी त्यानेच निर्माता म्हणून घडवला. उत्तर आयर्लंडच्या डेरी शहरातले अंडरटोन्स १९७९ मध्ये ‘लेट्स टॉक अबाउट गर्ल्स’ वाजवत होते. ते गाणंही ‘नगेट्स’वर चॉकलेट वॉचबँडच्या नावाने आहे.

पंकने या संचातून नुसत्या चाली घेतल्या नाहीत. जे येतं तेवढ्यावर आज गाणं करता येतं, आणि अशा गाण्यालाही परंपरा आहे, हा आत्मविश्वास घेतला. तो संकलनानेच दिला. सुटी तबकडी हे एकटं पडलेलं धाडस असतं. सत्तावीस तबकड्या एकामागून एक ऐकल्या की ती रीत होते.

मग त्या मार्गाने भूमिगत संकलनांची रांगच लागली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ग्रेग शॉची ‘पेबल्स’ मालिका आली आणि १९८३ पासून टिम वॉरनची ‘बॅक फ्रॉम द ग्रेव्ह’. त्यांनी केपेक्षा खोल खणलं, दोन-तीनशे प्रतींच्या तबकड्या शोधल्या. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून ‘किल्ड बाय डेथ’ नावाने निघालेल्या संकलनांनी हीच पद्धत खुद्द पंकला लावली आणि १९७७ नंतरच्या विसरलेल्या सिंगल्स जमवल्या. यांतली बरीचशी संकलनं मालकांना न विचारता निघाली होती.

त्यामागे कायद्याची एक बाजू आहे. कुठल्याही रेकॉर्डमध्ये दोन हक्क असतात: एक गीत-चालीचा, दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाला संरक्षण मिळालं ते १५ फेब्रुवारी १९७२ पासून, आणि तेही त्या तारखेनंतरच्या मुद्रणांना. साठच्या दशकातल्या तबकड्या राज्याराज्यांच्या वेगवेगळ्या नियमांखाली राहिल्या. त्यात छोट्या कंपन्या बंद पडलेल्या, मालक परागंदा, करारपत्रं हरवलेली. परवानगी घ्यायची म्हटलं तरी ती कुणाकडून घ्यायची, हेच शोधावं लागे. ‘नगेट्स’ परवानग्या घेऊन निघालेला संच होता, म्हणूनच तो मोठ्या दुकानांत दिसू शकला आणि पुढे विस्तारताही आला.

११८ गाण्यांची पेटी

राइनोचा जन्मही लॉस एंजेलिसमधल्या एका रेकॉर्डच्या दुकानातून झाला. जुनं संगीत नीट टिपणांसह, तारखा आणि वादकांच्या नावांसह पुन्हा काढणं ही या कंपनीची ओळख. १९९८ च्या पेटीत तिने एक फार समजूतदार निर्णय घेतला. पहिल्या सीडीवर १९७२ ची २७ गाणी, त्याच क्रमाने, काहीही मध्ये न घुसवता ठेवली. पुढच्या तीन सीडींवर ९१ गाण्यांची भर. मूळ दोन एलपींच्या चार बाजूंवरचं संगीत एका सीडीत मावतं, ही तंत्रज्ञानाची सोय होती. ते एकसंध राखायचं, हे संपादकाचं भान होतं.

नव्या भरीने चित्र रुंद झालं. एका हातात काळा हातमोजा घालणारे म्युझिक मशीन आले, टकोमाचे सॉनिक्स आले. पोर्टलंडच्या किंग्जमेनचं ‘लुई लुई’ आलं. त्याचे शब्द अश्लील आहेत या तक्रारीवरून एफबीआयने चौकशी केली होती आणि ते कळतच नाहीत, या निष्कर्षावर ती थांबली. पहिल्या सीडीवरून हे संगीत सुटीसुटी रत्नं वाटू शकतं. चारही ऐकल्यावर ते देशभर पसरलेलं, वर्गा-वर्गातलं, गल्लीगल्लीतलं आंदोलन होतं हे कळतं. जुन्या गाण्यांच्या मूळ टेप शोधणं, त्या नसतील तर जपलेल्या तबकडीवरून आवाज उतरवून घेणं, गाण्याची सिंगलवरची आवृत्ती कुठली आणि एलपीवरची कुठली हे तपासणं, हे कष्टाचं काम अशा पेटीमागे असतं आणि त्याचं मोल मोठं आहे.

तरीही दोन्ही आवृत्त्यांचं काम वेगळं आहे, हे मान्य करायला हवं. २७ गाणी एका बैठकीत ऐकता येतात आणि माणूस उठून गिटार हातात घेतो. ११८ गाण्यांचा अभ्यास होतो. पहिली आवृत्ती पटवून देते, दुसरी पुरावा जपते. पहिली नसती तर दुसरी काढायचं कुणाला सुचलंही नसतं. दुसरी नसती तर पहिली एका माणसाची आवड म्हणून बाजूला सारता आली असती. राइनोने पुढे २००१ मध्ये ब्रिटन आणि इतर देशांतल्या अशाच संगीताची दुसरी पेटी काढली, मग सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिसच्या स्वतंत्र पेट्या. २०२३ मध्ये पन्नाशीनिमित्त पाच एलपींचा संच आला. त्यात केने तेव्हा योजलेला, न निघालेला दुसरा भागही अखेर रेकॉर्डवर आला.

हा आवाज भारतातही पोहोचला होता. सिमला सिगारेटच्या नावाने भरलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धांतल्या तरुण बँडांची गाणी १९७० आणि १९७१ च्या दोन एलपींवर निघाली. मुंबई, मद्रास, कलकत्ता अशा शहरांतली ही मुलं फझ गिटार आणि ऑर्गन घेऊन इंग्रजी गाणी रचत होती. पुढे दशकांनी ते एलपी परदेशात पुन्हा निघाले आणि संग्राहकांनी शोधून घेतले. फरक एवढाच की ती निवड स्पर्धेची होती; त्या सर्व आवाजांना एका सूत्रात ओवून ‘ही आपली परंपरा’ असं सांगणारा लेनी के आपल्याला तेव्हा लाभला नाही. त्या काळातलं भारतीय रॉक आपल्या सांगीतिक स्मरणात इतकं धूसर आहे, त्याचं एक कारण मला यात दिसतं.

जुन्या संगीताच्या विस्तारित आवृत्त्या आता दर महिन्याला निघतात. त्यांची किंमत गाण्यांच्या संख्येवर ठरवू नये. मूळ निवड अखंड ठेवली आहे का, ती कुणाची होती आणि का होती हे सांगितलं आहे का, वाजवणाऱ्या, लिहिणाऱ्या प्रत्येकाचं नाव नोंदवलं आहे का, त्यांचा हक्क त्यांना दिला आहे का, हे आधी पाहावं. राइनोच्या पेटीने मूळ निवडीचा मान राखला. म्हणून १९७२ मधलं एका तरुण श्रोत्याचं म्हणणं आजही त्याच्याच शब्दांत, त्याच्याच क्रमाने ऐकता येतं, आणि पटलं नाही तर त्याच्याशी वाद घालायला आणखी ९१ गाणी हाताशी असतात.